दोन बेटांची मार्था

माहेर तुटणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. भावाशी जमिनीवरून वाद झाला, वडिलांनी अबोला धरला, आणि मग वर्षानुवर्षं माहेरचा उंबरा दिसला नाही, अशा बायका गावोगावी असतात. पण माहेरच्या देशानंच दार लावून घेतलं तर? तेही थोडीथोडकी नव्हे, चौतीस वर्षं? आणि सासर-माहेरात अंतर म्हणाल, तर समुद्र जिथं सगळ्यात अरुंद आहे तिथं जेमतेम ऐंशी किलोमीटर.

मार्था ज्याँ-क्लोद या गायिकेचं असं झालं. तिचं माहेर हैती, सासर क्युबा. कॅरिबियन समुद्रातली ही शेजारची बेटं. १९५२ साली ती हैतीच्या राजधानीत, पोर्त-ओ-प्रँसमध्ये, तुरुंगात होती. वय तेहतीस आणि दिवस गेलेले. गुन्हा काय, तर तिनं एक नाटक लिहून छापलं होतं. ‘आनरिएत’ असं त्याचं नाव. लष्करातून सत्तेवर आलेल्या पॉल मॅग्लवारच्या सरकारला त्यात आपल्यावरची टीका दिसली. बाळंतपण अगदी तोंडावर आलं तेव्हा तिला सोडलं. पहिल्या-दुसऱ्या दिवसांची ओली बाळंतीण आपल्याकडे सव्वा महिना खोलीबाहेर येत नाही. मार्थानं मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात देश सोडला आणि नवऱ्याच्या देशात, क्युबाला गेली. नवरा विक्टर मिराबाल हा क्युबाचा पत्रकार.

तिच्या गाण्याकडे वळण्याआधी तिच्या माहेराविषयी थोडं सांगायला हवं. हैती म्हटलं की आपल्याला २०१० चा भूकंप आठवतो, गरिबी आठवते, आणि इंग्रजी सिनेमांमुळे काळी जादू आठवते. हा त्या देशावर मोठाच अन्याय आहे. ज्या बेटाच्या पश्चिमेकडच्या तुकड्यावर हैती आहे, तिथं फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले लाखो गुलाम राबत होते. १७९१ मध्ये हे गुलाम उठले. बारा वर्षं लढले. नेपोलियनच्या फौजेलाही त्यांनी हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचा देश उभा केला. गुलामांनी बंड करून मिळवलेला असा देश जगात हा एकच. आजही एक जानेवारीला तिथं घरोघरी भोपळ्याचं सूप करतात. गुलामीत ते फक्त मालकाच्या टेबलावर जायचं, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते आपण प्यायचं, असं तिथले लोक सांगतात.

मालक गेले, पण मालकांची भाषा राहिली. शाळेत फ्रेंच, कचेरीत फ्रेंच, शिकल्यासवरल्या घरातल्या दिवाणखान्यात फ्रेंच. स्वयंपाकघरात, बाजारात, शेतात मात्र क्रेओल, म्हणजे आफ्रिकी लोकांनी फ्रेंच शब्द आपल्या जिभेवर घोळवून तयार केलेली भाषा. देशातली सगळी माणसं ती बोलतात, आणि तरीही ती गावंढळ ठरली. मुलानं शाळेत क्रेओल शब्द काढला की शिक्षा. हे ऐकून तुमच्यापैकी काहीजणींना आपली शाळा आठवली असेल.

गाण्याचंही तसंच. मार्था २१ मार्च १९१९ ला जन्मली तेव्हा देशावर अमेरिकेच्या सैन्याचा ताबा होता. १९१५ मध्ये ते आलं होतं आणि १९३४ पर्यंत हटलं नाही. तेव्हाच्या बड्या घरांत पियानो असायचा आणि पियानोवर मेरेंग वाजायची. मेरेंग हा हैतीचा शहरी नाच. त्याची गंमत तालात. दोन मात्रांच्या चालीत पाच ठोके असे बसवलेले असतात, की पाय जमिनीवर पडता पडता किंचित लांबतो. वर फ्रेंच नजाकत आणि खाली आफ्रिकेचा ठोका. मुली पियानोवर ती वाजवायला शिकत, पण तो ठोका कुठून आला हे कुणी विचारत नसे. ल्युदोविक लामोत हा या पियानो-मेरेंगचा मोठा रचनाकार. १९३४ च्या कार्निव्हलसाठी त्यानं ‘निबो’ नावाची मेरेंग केली. अमेरिकन सैनिक आता निघणार, या आनंदात त्या वर्षी सारं शहर तिच्यावर नाचलं.

दिवाणखान्याबाहेरचं गाणं निराळं. शेतात एकमेकांच्या रानात फुकट राबायला माणसं जमतात, त्याला तिकडे कोंबित म्हणतात. आपली इर्जिकच ती! इर्जिकीला जशी भलरी, तसं कोंबितलाही गाणं. पुढे एक गाणारा, मागे साऱ्यांची री आणि कुदळींचा ठेका. त्या गाण्यात गावातल्या बड्यांची टिंगल असायची, कुणाची लफडी असायची आणि शेजारणीला टोमणेही. मग ईस्टरच्या आधीच्या दिवसांत रारा निघतो. ही रस्त्यावरची मिरवणूक. त्यातली वाद्यं म्हणजे बांबूचे लांब नळे. एका नळ्यातून एकच सूर निघतो, त्यामुळे चार-पाच जणांनी आपापला सूर नेमक्या वेळी फुंकला तरच चाल तयार होते. कुणी एक चुकला तर चालीला भोक पडतं. भजनी मंडळात टाळ धरणारीला हे चटकन कळेल.

आणि सगळ्याच्या मुळाशी वोडूचं गाणं. सिनेमात दाखवतात ती सुया टोचलेली बाहुली विसरा. वोडू हा हैतीच्या गोरगरिबांचा धर्म. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या देवतांची घराणी त्यात आहेत. प्रत्येक घराण्याचा ताल वेगळा, गाणी वेगळी. रादा घराण्यासाठी तीन ढोल लागतात. सगळ्यात मोठ्याला आई-ढोल म्हणतात. ढोलाची लय चढली की आपल्याकडे अंगात येतं तसं तिथंही येतं, आणि देवता त्या माणसाच्या तोंडून बोलते. पुजारी पुरुष असतो तशी पुजारीणही असते, तिला मांबो म्हणतात. कोरसमध्ये बहुतेक बायकाच. देवतांमध्ये एझिली आहे. तिचं एक रूप नटव्या, अत्तराची हौस असलेल्या आणि शेवटी रडत बसणाऱ्या बाईचं. दुसरं रूप एझिली दांतोरचं, कडेवर मूल घेतलेल्या सावळ्या, कष्टकरी आईचं. हिच्या गालावर वार आहेत. चर्चमधल्या काळ्या मेरीची तसबीरच तिची म्हणून पूजतात. चर्चही सांभाळायचं आणि आपली देवीही, असा तो मार्ग.

सरकारला आणि चर्चला हे खुपत होतं. १९३५ मध्ये असल्या प्रथांवर बंदी घालणारा कायदा झाला. १९४१-४२ मध्ये तर चर्चनं मोहीमच काढली. लोकांकडून देव टाकल्याच्या शपथा घेतल्या, ढोल जाळले. आता यातला विरोधाभास बघा. अंगणात तेच गाणं म्हटलं तर पोलीस यायचे, पण रंगमंचावर ‘लोककला’ म्हणून म्हटलं तर मंत्री टाळ्या वाजवायचे! कारण याच सुमारास शिकलेल्या लोकांच्या विचाराला वळण मिळत होतं. ज्याँ प्राइस-मार्स नावाच्या डॉक्टरानं १९२८ मध्ये एक पुस्तक लिहून उच्चभ्रूंना खडसावलं होतं, की फ्रेंचांची नक्कल पुरे झाली, आपल्या आज्या ज्या गोष्टी आणि गाणी सांगत होत्या त्यांच्याकडे बघा. परक्या सैन्याखाली मान घालून जगताना हे बोलणं तरुणांना लागलं.

१९४० नंतर हैतीच्या रंगमंचावर ज्या बायका उभ्या राहिल्या त्यांना या विरोधाभासाच्या फटीतून वाट काढायची होती. मार्था त्यांतली एक. डोक्याला खेडुतांसारखा रुमाल बांधायचा आणि क्रेओलमध्ये गायचं. शेतातलं गाणं, देवीचं गाणं, बाजारातलं गाणं. आज हे साधं वाटतं. पण ज्या शहरात मुलीला क्रेओल बोलल्याबद्दल घरचे टोकतात, तिथं झगमगत्या नाट्यगृहात मोलकरणीच्या भाषेत आणि मोलकरणीच्या वेशात उभं राहणं म्हणजे नातेवाइकांच्या भुवया वर जाणारच. मार्थाचा आवाज जाड, भारदस्त. लाडिक गाण्याचा नव्हेच. ती गाणं सजवत नसे, ठामपणे समोर ठेवायची.

तिच्या बरोबरीच्या दोघींचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. एक एमेरांत द प्राडिन. तिचे वडील कांजो हे लोकप्रिय गीतकार-गायक. पाय अधू, पण जीभ धारदार. अमेरिकन ताब्याविरुद्ध त्यांनी गाणी केली होती. चांगल्या घरातल्या या मुलीनं वोडूची गाणी उघड गायला घेतली तेव्हा बराच गहजब झाला. पण तिला घराण्याचं पाठबळ होतं. ती २०१८ पर्यंत, शंभरीला टेकेपर्यंत जगली. दुसरी ल्युमान काझिमीर. ही गरीब घरातली, गिटार घेऊन राजधानीत आलेली मुलगी. १९४९ च्या डिसेंबरात शहराच्या दोनशेव्या वाढदिवसाचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. समुद्रकिनारी नवी वस्ती उठली, खुलं नाट्यगृह बांधलं, सरकारी लोकनृत्य पथक उभं राहिलं. तिथं ल्युमानचा आवाज सगळ्यांनी डोक्यावर घेतला. आणि मग काहीच वर्षांत ती क्षयानं गेली, हालाखीत, एकटी. पाहुण्यांपुढे मिरवायला गरिबाचं गाणं हवं होतं, गाणारी गरीब मुलगी आजारी पडली तेव्हा कुणाला तिची गरज उरली नव्हती. एकाच पिढीतल्या या तिघी. एक मरून गेली, एक टिकली, एक हद्दपार झाली.

प्रदर्शन भरवणारा राष्ट्राध्यक्ष एस्तिमे १९५० मध्ये उलथवला गेला आणि मॅग्लवार आला. त्याला समारंभ, गणवेश, मेजवान्या यांची फार हौस. गाणारी बाई त्याच्या राज्यात खपून गेली असती. लिहिणारी बाई खपली नाही. मला यात नेहमी हेच जाणवतं. मार्था दहा वर्षं गात होती तेव्हा कौतुक झालं. लोकांची गाणी म्हणणं चालत होतं, कारण ती कुणाची तरी जुनी गाणी होती. ज्या दिवशी तिनं आपलं स्वतःचं म्हणणं कागदावर उतरवलं, त्या दिवशी पोलीस आले.

हवानाला ती उतरली तेव्हा तिथंही काही रामराज्य नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये बातिस्तानं लष्कराच्या जोरावर सत्ता बळकावली होती. पण हवाना गाण्याचं शहर. रेडिओ, नाइट क्लब, रेकॉर्ड कंपन्या, रात्रभर चालणारे वाद्यवृंद. मार्थाला काम मिळालं. नवी भाषा, तान्हं मूल आणि परकं शहर. त्यातून तिनं आपली जागा केली ती मात्र स्पॅनिश गाण्यांची उसनी साडी नेसून नव्हे. तिनं क्रेओलच गायचं ठरवलं.

क्युबात क्रेओलला आणखीच हलकं स्थान होतं. त्याचं कारण ऊस. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत लाखाहून जास्त हैतियन मजूर क्युबात ऊस तोडायला आले होते. कोयता, पालाच्या झोपड्या, मुकादम, उचल. हे सगळं आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या घरच्या बायकांना नव्यानं सांगायला नको. मंदीत साखरेचे भाव पडले तेव्हा त्यांतल्या हजारोंना बोटींत भरून परत पाठवण्यात आलं. जे उरले ते क्युबाच्या पूर्व भागात गुपचूप राहिले. पोरांना क्रेओल बोलू नका म्हणून सांगायचे, कारण त्या भाषेनं ओळख पटायची. परत गेलेले मजूर मात्र क्युबातून गिटार आणि तिथली चाल घेऊन गेले. त्यातून हैतीत त्रुबादूर हा गाण्याचा प्रकार रुजला. गिटार, मराका, आणि पेटीवर बसून वाजवायचं पोलादी पट्ट्यांचं वाद्य. आजही हैतीच्या विमानतळावर, खानावळीत हे गाणारे दिसतात. त्याच्याही आधी, हैतीच्या बंडाच्या काळात, पळालेले फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांना घेऊन क्युबात आले होते. त्या गुलामांचा तुंबा फ्रान्सेसा नावाचा ढोल आणि नाच सांतियागो आणि ग्वांतानामो या गावांत अजून जपलेला आहे. म्हणजे दोन बेटांमधला तो अरुंद समुद्र गाण्यांनी कितीदा तरी ओलांडला होता. फक्त त्या गाण्यांना मान नव्हता.

आणि अशा शहरात मार्था सेलिया क्रूझच्या बरोबरीनं गायली. सेलिया म्हणजे तेव्हाच्या हवानाची चढती तारका, सोनोरा मातान्सेरा या गाजलेल्या वाद्यवृंदाची गायिका. दोघींनी मिळून ‘शुकून’ हे गाणं रेकॉर्ड केलं. शुकून ही हैतीची सगळ्यात लाडकी मेरेंग. ओस्वाल्ड द्युराँ या कवीनं १८८३ मध्ये क्रेओलमध्ये ती कविता लिहिली आणि दहा वर्षांनी मिशेल मोलेआर मोंतों यानं तिला चाल लावली. एका काळ्यासावळ्या देखण्या मुलीवर कवीचं प्रेम बसतं, आणि ती एका फ्रेंच बोलणाऱ्या गोऱ्याबरोबर संसार थाटते, अशी ती कहाणी. बघा, त्या प्रेमभंगातही भाषाच आडवी आली! पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत या चालीवर इंग्रजी शब्द बसवले. गाण्यातली मुलगी गेली आणि तिच्या जागी पिवळा पक्षी आला. जगभरच्या समुद्रकाठच्या हॉटेलांत तो पिवळा पक्षी वाजत राहिला. ती मुळात एका हैतियन मुलीची गोष्ट आहे, हे ऐकणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

मॅग्लवार १९५६ च्या डिसेंबरात गेला. मार्थाला परत जाता आलं असतं का? कदाचित. पण दाराची फट दिसते न दिसते तोच १९५७ मध्ये फ्रान्स्वा दुव्हालिए निवडून आला आणि आयुष्यभराचा हुकूमशहा होऊन बसला. हा पेशानं डॉक्टर, आणि तरुणपणी लोककलांचा, वोडूचा अभ्यासक. मार्थाच्या पिढीनं ज्या गाण्यांना मान मिळवून दिला, तीच गाणी, त्याच देवता त्यानं लोकांना धाकात ठेवायला वापरल्या. काही पुजाऱ्यांना त्यानं आपल्या बाजूला ओढलं. त्याच्या खासगी सैन्याला लोक तोंतों माकूट म्हणत. हा लोककथेतला पोतंवाला बुवा, पोरांना झोळीत टाकून नेणारा. रात्री माणसं खरोखरच नाहीशी होऊ लागली. १९७१ मध्ये तो मेला आणि एकोणीस वर्षांचा मुलगा गादीवर बसला. त्या मुलाचं नाव ज्याँ-क्लोद. ज्या नावाच्या राजवटीनं मार्थाला बाहेर ठेवलं, ते तिचं आडनाव होतं!

इकडे क्युबात १९५९ मध्ये क्रांती झाली. हैती आणि क्युबाचं बोलणंच बंद झालं. मार्थानं क्युबात राहायचं ठरवलं. सेलिया क्रूझ मात्र १९६० मध्ये कार्यक्रमासाठी मेक्सिकोला गेली ती परतली नाही. दोन वर्षांनी तिची आई गेली तेव्हा क्युबाच्या सरकारनं तिला अंत्यविधीसाठीही येऊ दिलं नाही. म्हणजे एकाच माइकसमोर ‘शुकून’ गायलेल्या या दोघी. एकीला हैतीत जाता येत नव्हतं म्हणून ती क्युबात, दुसरीला क्युबात येता येत नव्हतं म्हणून ती अमेरिकेत. क्युबाच्या सरकारनं मार्थाला आसरा दिला, मान दिला, आणि त्याच सरकारनं सेलियाला आईचं तोंड पाहू दिलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक सांगून दुसरी लपवणं मला जमत नाही. सेलिया पुढे जगभर साल्साची राणी झाली. मार्थाची कीर्ती तेवढी पसरली नाही. अमेरिकेनं क्युबाशी व्यापार तोडल्यावर तिथल्या रेकॉर्डना मोठा बाजार उरला नव्हता, हेही त्याचं एक कारण असणार.

तरी ती गात राहिली. १९७४ मध्ये हंबेर्तो सोलास या क्युबाच्या नावाजलेल्या दिग्दर्शकानं ‘सिंपारेले’ नावाचा छोटा चित्रपट केला. हैतीच्या लोकांच्या लढ्याचा इतिहास गाण्यांतून आणि नाचातून सांगणारा. त्याच्या केंद्रस्थानी मार्था आहे. सिंपारेले हा क्रेओल शब्द, मी ओरडले नाही तर, असा त्याचा अर्थ. पन्नाशी ओलांडलेली ही बाई त्यात ज्या ताकदीनं उभी आहे, ते पाहून वाटतं, हिला आता कुणाची परवानगी नको आहे. उतारवयात ती मकांदाल नावाच्या गटाबरोबर गायची. मकांदाल हा १७५८ मध्ये फ्रेंचांनी जिवंत जाळलेला बंडखोर गुलाम. दोन बेटांची बाई अशी तिची ओळख झाली.

पण माहेर काही आपल्यासाठी थांबून राहत नाही. आपण चार वर्षांनी गेलो तरी अंगणातलं झाड तोडलेलं असतं. मार्था गेल्यावर तीनच वर्षांनी, १९५५ मध्ये, नेमूर ज्याँ-बाप्तिस्त या सॅक्सोफोनवाल्यानं पोर्त-ओ-प्रँसमध्ये काँपा नावाचा नवा नाच-ताल आणला. मेरेंगला त्यानं सरळ केलं. तो नेटका ठोका, सॅक्सोफोन, अकॉर्डियन, घंटेचा टणत्कार. जोडीजोडीनं, जवळ घेऊन, हळू नाचायला सोयीचा. त्याचा जुना साथी वेबेर सिको यानं वेगळं होऊन आपला ताल काढला आणि शहर दोन गटांत वाटलं गेलं, रंगांसकट, झेंड्यांसकट, आपल्याकडे क्रिकेटवरून होतं तसं. दुव्हालिएच्या काळ्या वर्षांत लोकांनी या तालावर दुःख विसरायचा प्रयत्न केला. न्यूयॉर्क, मायामी, माँट्रियल, पॅरिस, जिथं जिथं हैतियन पळून गेले तिथं काँपा गेला. मार्था गात होती ती गाणी मागं पडली नव्हती, पण ती आता आजीची गाणी झाली होती.

७ फेब्रुवारी १९८६ ला धाकटा दुव्हालिए विमानात बसून फ्रान्सला पळाला. आणि मार्था घरी आली. सदुसष्ट वर्षांची. चौतीस वर्षांपूर्वी गेलेली बाई आपल्या शहरात, आपल्या भाषेत, आपल्या लोकांसमोर गायली. ज्यांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं अशी निम्मी माणसं तिथं असणार.

ते दिवस नुसत्या आनंदाचे नव्हते. हुकूमशाहीची मुळं उपटायची म्हणून लोक माकूटांच्या मागे लागले होते आणि त्या रागात वोडूच्या पुजाऱ्यांनाही घरातून ओढून मारलं जात होतं. त्यांतले काही राजवटीचे साथीदार होते, पण बरेचसे नव्हते. मांबोही सुटल्या नाहीत. म्हणजे ज्या देवतांची गाणी गात मार्था माहेरी आली, त्यांचे ढोल पुन्हा एकदा जळत होते. तरी पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, नवी राज्यघटना झाली. तिनं १९३५ चा तो बंदीचा कायदा रद्द केला आणि क्रेओलला फ्रेंचच्या शेजारी राजभाषेचं स्थान दिलं. मार्थानं पहिल्यांदा त्या भाषेत रंगमंचावर गाऊन तोवर चाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली होती. त्या सुमारास तरुण पोरांनी इलेक्ट्रिक गिटार आणि वोडूचे ढोल एकत्र करून नवं संगीत उभं केलं. त्याला ते मुळांचं संगीत म्हणतात. एमेरांतचा मुलगा त्यांतल्याच एका बँडचा गायक.

माहेर परत मिळालं, पण संसार हवानातच होता. तिथंच १४ नोव्हेंबर २००१ ला, ब्याऐंशीव्या वर्षी, मार्था गेली.

क्युबात राहिलेल्या त्या ऊसतोड्यांच्या नातवंडांनी १९९४ मध्ये कामाग्वे गावात एक गायनगट सुरू केला. देझांदान हे त्याचं नाव, क्रेओलमध्ये त्याचा अर्थ वंशज. ज्या भाषेत बोलू नका असं त्यांच्या आज्यांना सांगितलं जायचं, त्या भाषेत ही मंडळी, वाद्यांचा फार आधार न घेता, गातात. २०१० च्या जानेवारीत पोर्त-ओ-प्रँस भूकंपानं भुईसपाट झालं तेव्हा क्युबाच्या डॉक्टरांबरोबर हा गटही तिथं गेला. डॉक्टर जखमा बांधत होते, आणि तंबूंच्या वस्त्यांमध्ये, पडलेल्या घरांच्या बाजूला, हे लोक क्रेओलमध्ये गात होते. पोरंसोरं गोळा व्हायची, बायका हातातलं काम ठेवून यायच्या, आणि परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या गाण्यात आपला सूर मिसळायच्या.